प्लेगच्या पानावरची मुलगी

एक पाटी डोळ्यांसमोर आणा. काळी, चौकोनी, पण कागदाची. तिच्यावर पांढरी अक्षरं आहेत, बारीक आणि दाटीवाटीने बसलेली, पावसाआधी घरात शिरणाऱ्या मुंग्यांसारखी. ही पाटी पुसता येत नाही. ती अक्षरं सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका मठात, थंडीने बोटं आखडलेल्या कुणा साधूने पिसाच्या लेखणीने लिहिली आहेत. आता ती पाटी तुमच्या मांडीवर आहे, हातात भिंग आहे. समोर एक म्हातारे मास्तर टाक सरसावून बसलेत आणि म्हणताहेत, "हं, वाच."

काय वाचाल?

मी म्हटलं, "छप्पर असलेला ए. मग एन. मग दोन काड्या."

"दोन की तीन? घाई नको."

"दोनच. तिसरा डाग आहे."

"डाग कशावरून?"

"बाकीच्या काड्यांना खाली टोक आहे. हिला नाही, ती पसरलीय."

मास्तर टाकाने दोन काड्या काढत म्हणाले, "शाबास, बाय. असं बघायचं असतं."

हे आमचं रोजचं होतं. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकून मी केळीच्या वाडीतून, विहिरीला वळसा घालून इनास मास्तरांकडे पळायची. वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या वाऱ्यावरचं आमचं गाव. सगळे ख्रिस्ती, सगळे केळी आणि पानवेली लावणारे. त्यात इनास तुस्कानो मास्तर एकटेच वेगळे. मुंबईच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर लॅटिन शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी आले ते एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत ही काळी पानं होती. कॉलेजातले एक इंग्रज फादर ॲशमियर नावाच्या जुन्या मठाची बखर छपाईसाठी तयार करत होते. मठात कोण आलं, कोण मेलं, पीक कसं आलं, बिशप का रागावले, सगळं त्या बखरीत वर्षावर्षाने लिहिलेलं. ते फादर काम अर्धं टाकून वारले. जुन्या बखरी छापणाऱ्या विलायतेतल्या मंडळाने मास्तरांना कळवलं, उरलेलं तुम्ही करा. मूळ पुस्तक तिकडेच होतं. आपल्याकडे आले ते त्याचे फोटो, उलटे उमटलेले, म्हणून शाई पांढरी आणि कागद काळा.

मास्तरांनी काम हौसेने उचललं आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

"डॉक्टर म्हणतो, पिकू दे, मग काढू," ते सांगायचे. "मोतीबिंदू म्हणजे काय राजेळी केळं आहे, पिकायची वाट बघायला? छापखाना थोडाच थांबतोय."

मोठ्या अक्षरांत लिहिता येईल एवढं त्यांना दिसायचं. ती मुंग्यांसारखी अक्षरं मात्र गेली होती. म्हणून मी.

गावात लॅटिन येणारे आणखी एक जण होते. आमच्या चर्चचे धाकटे फादर, बाल्तझार लोपीस. तरुण, गोरेपान, मुंबईला मोठ्या परीक्षेची तयारी करणारे. ते स्वतःहून मास्तरांकडे आले होते, मी वाचून देतो म्हणाले होते. मास्तरांनी हात जोडले. "तुम्हाला लॅटिन येतं, फादर. अर्धा शब्द दिसला की उरलेला तुम्ही मनाने वाचाल. मला काहीच न येणारे डोळे हवेत."

माझ्या डोळ्यांना काहीच येत नव्हतं. शाळेत इंग्रजी अक्षरं नुकती शिकले होते, तेवढ्यावर मास्तरांनी मला ती जुनी वळणं ओळखायला शिकवलं. साधू मंडळी कागद वाचवायला शब्द तोडून लिहायची आणि वर खुणा करायची. त्या खुणांना आम्ही आमची नावं दिली होती. आडवी रेघ म्हणजे छप्पर. एक होता कोयता. एक होता कंबरपट्टा घातलेला पी. जिथे काहीच लागायचं नाही तिथे म्हणायचं, "अंधार." मास्तर वहीत तीन टिंबं द्यायचे.

नियम एकच होता, पण तो त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की झोपेतही आठवावा. "दिसतं ते वाच, फिलू. असावंसं वाटतं ते नको. अंधाराला अंधार म्हणायला लाजायचं नाही."

पान संपलं की माझी मजुरी. पेटाऱ्यातलं एक सुकेळं, उन्हात वाळवलेलं केळं, मधासारखं. आणि त्याहून गोड म्हणजे पानाचा अर्थ. मी अक्षरं दिलेली असायची, मास्तर त्यांची गोष्ट करून परत द्यायचे. दोन मठांचं तळ्यातल्या मासळीवरून झालेलं भांडण. स्वयंपाकघरात झोपून राहिलेला साधू आणि जळलेली खीर. मी पाय हलवत ऐकायची.

मी त्यांच्याकडून मागून घेतलेला पहिला लॅटिन शब्द होता 'पुएल्ला'. म्हणजे मुलगी. प्रत्येक नव्या पानावर मी आधी तोच शोधायची. कधी सापडला नाही.

"साधूंच्या बखरीत मुली कुठून येणार गं?" मास्तर म्हणायचे. "बघत राहा. एखाद दिवशी येईल."

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की आम्हा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असायचा. तो फादर बाल्तझार घ्यायचे. वर्ग सुटला की मला थांबवायचे. "काय फिलोमिना, तुमच्या मठात या आठवड्यात काय झालं?" मी मासळीचं भांडण सांगितलं, खीर सांगितली. ते इतकं लक्ष देऊन ऐकायचे की मला आपण मोठं झाल्यासारखं वाटायचं. निघताना सोनेरी काठाचं संतांचं चित्र द्यायचे. माझ्याकडे गठ्ठा झाला होता.

एका दुपारी मी गेले तेव्हा काळी पानं पेटीतच होती. मास्तरांच्या पुढ्यात मुंबईचं एक इंग्रजी साप्ताहिक उघडं पडलं होतं.

"हे बघ. या लेखाखाली नाव कुणाचं आहे?"

मी अक्षरं लावली आणि ओरडलेच. "फादर बाल्तझार! मास्तर, आपले फादर!"

"आणि वर काय आहे?"

वर एका माशाचं चित्र होतं. मला कळलं. "मासळीचं भांडण! आपली गोष्ट छापलीय फादरनी!"

"हो. 'माझ्या संशोधनातून' असं म्हणून." त्यांनी साप्ताहिक मिटलं. "तू सांगितलीस त्यांना?"

"हो. ते विचारतात ना दर रविवारी. सांगायची नव्हती?"

"नाही, नाही. गोष्ट सांगण्यासाठीच असते. सांगत जा."

त्या दिवशी सुकेळं द्यायचं ते विसरले. मला वाटलं, डोळे दुखत असतील.

पुढच्या खेपेला प्लेगच्या वर्षाचं पान निघालं. मोठं किचकट पान. कोयतेच कोयते. वाचून संपलं तेव्हा माझी मान आखडली होती. मास्तरांनी टाक ठेवला, खिडकीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात सांगू लागले.

"भयंकर साथ होती. मठाजवळच्या एका खेड्यातला पाद्री गेला, घंटा वाजवणारा गेला. वाचले ते रानात पळाले. कुणी कुणाच्या दारात जाईना. आपल्याखेरीज कुणी उरलंय की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या घंटा वाजवणाऱ्याची एक मुलगी होती, तुझ्याएवढी. रोज संध्याकाळी ती एकटी मनोऱ्यात चढायची आणि घंटा वाजवायची. रानात लपलेले लोक कान द्यायचे. वाजली, म्हणजे गावात अजून कुणीतरी आहे. पानगळीच्या सुमारास साधू परत आले, तेव्हाही घंटा वाजतच होती. लिहिणाऱ्याने एवढंच लिहून ठेवलंय, की घंटा एका मुलीने वाजवली. नाव मटिल्डा."

मी पाय हलवायची थांबले होते. "मग? पुढे तिचं काय झालं?"

"पुढे अंधार आहे."

मी पान परत मांडीवर ओढलं. "पण मला पुएल्ला दिसली नाही, मास्तर. मी शोधली होती."

त्यांनी टाक पुसायला घेतला. "तोडून लिहिलाय शब्द. तुला कसा ओळखू येणार? आहे तिथे."

मी मान डोलावली. मास्तर म्हणाले म्हणजे आहे.

"आवडली?" त्यांनी विचारलं.

मी जोरात 'हो' म्हटलं.

"मग सांग की सगळ्यांना," ते म्हणाले आणि दोन सुकेळी माझ्या हातावर ठेवली.

मला वेगळं सांगायला कशाला हवं होतं! त्या रविवारी फादरना सांगितली. शाळेत सांगितली. आमच्या चर्चची संध्याकाळची घंटा झाली की गावात सगळे असतील तिथे उभे राहतात, हातातलं काम टाकून प्रार्थना म्हणतात. मी उभी राहायची ती मटिल्डासाठी. आमचा घंटा वाजवणारा रापेल म्हातारा होता, त्याला विचारलं, मला एकदा दोर ओढू दे. तो म्हणाला, "पोरींनी घंटेला हात लावायचा नसतो, बाय. चल पळ."

त्या नाताळाआधी बिशपसाहेब आमच्या गावी दृढीकरणाला येणार होते. आमच्यात मूल कळतं झालं की बिशप त्याच्या कपाळाला पवित्र तेल लावतात आणि त्या वेळी मुलाने एका संताचं नाव निवडून घ्यायचं असतं. बाप्तिस्म्याचं नाव आईबाप ठेवतात, हे आपलं आपण घ्यायचं. माझी मोठी आय, म्हणजे आजी, आदल्याच वर्षी गेली होती. तिचं नाव रोझा. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, फिलू रोझा होणार.

मी म्हटलं, "मी मटिल्डा होणार."

आयने हातातली तांदूळ धुवायची रवळी खाली ठेवली. "ही कोण आणखी?"

मी गोष्ट सांगितली. आयने ती पुरी ऐकली आणि म्हणाली, "असेल बाई गुणाची. पण मोठ्या आयने तुला न्हाऊ-माखू घातलं, गोवरात रात्ररात्र मांडीवर घेतलं. आणि नाव त्या गोऱ्या पोरीचं? कुणाची कोण ती!"

मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी फादर बाल्तझार घरी आले, खुर्चीवर बसून ताक प्यायले आणि आयला म्हणाले, "मटिल्डा नावाची संतीणही होऊन गेलीय. चालेल. हट्ट चांगल्या गोष्टीचा आहे." फादरनी म्हटल्यावर आय काय बोलणार? ते गेल्यावर ती पदराने डोळे पुसत चुलीपाशी जाऊन बसली. मला वाईट वाटलं, पण आतून मी उड्या मारत होते.

दृढीकरणाच्या आधीच्या रविवारची गोष्ट. मिस्सा सुटली होती. चर्चच्या अंगणात माणसं घोळक्याने उभी होती, बायका डोक्यावरच्या ओढण्या सावरत होत्या, फादर बाल्तझार पायरीवर उभे राहून लोकांशी बोलत होते. मी आयचा हात धरून होते. तेवढ्यात काठी टेकत इनास मास्तर आले. बगलेत साप्ताहिकाची गुंडाळी होती.

"फादर, अभिनंदन!" त्यांचा आवाज वर्गात असतो तसा खणखणीत होता. "तुमचा नवा लेख वाचून घेतला. प्लेगमधली घंटा आणि मटिल्डा. फार सुंदर."

"देवाची कृपा, मास्तर," फादर हसले.

"एवढंच सांगा, हा उतारा बखरीत कुठल्या पानावर आहे?"

"पानावर?" फादरचं हसू जरा मागे सरकलं. "प्लेगच्या वर्षात. लेखात तसं म्हटलंय मी."

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलात?"

"म्हणजे… संदर्भ जमवताना…"

"नाही पाहिलात. कारण तो तिथे नाही. माझ्या पेटीत नाही, विलायतेतल्या पुस्तकात नाही, जगात कुठेही नाही." मास्तर अंगणाकडे वळले. "ऐका हो. ती मटिल्डा मी रचली. घरच्या ओट्यावर बसून, माझ्या डोक्यातून. माझी पानं कोण चोरतं ते बघायला. डोळे घातले मी त्या कामात, आणि नाव फादर लोपीस! चोर सापडला की नाही?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. फादर लालबुंद झाले.

"मी काही चोरलं नाही," ते म्हणाले. "मला या मुलीने सांगितलं. विचारा तिला. हिच्या तोंडून ऐकलं मी."

"हिलाच सांगितली होती मी," मास्तर म्हणाले, आणि त्यांची काठी वर उठली ती अंदाजाने नेमकी माझ्याकडे. "फक्त हिला. म्हणून तर पुरावा पक्का आहे."

सगळं अंगण माझ्याकडे बघू लागलं. फादरचं बोट माझ्याकडे, मास्तरांची काठी माझ्याकडे. रापेल म्हातारा म्हणाला, "अरे, म्हणजे ती घंटेवाली पोर खोटीच?" आणि हशा झाला.

मला रडू आलं नाही. आयने माझा हात घट्ट धरला. तिने मला ओढत घरी नेलं.

दुपारी मी मास्तरांकडे गेले. ते खुशीत होते, मंडळाला पत्र लिहिण्याच्या तयारीत. माझी पावलं ओळखून म्हणाले, "आलीस? ये, ये. काय पकडला बघ! जुन्या नकाशेवाल्यांची युक्ती ही. नकाशात एक नसलेला रस्ता काढून ठेवायचा. दुसऱ्याच्या नकाशात तो रस्ता दिसला की समजायचं, त्याने आपलाच नकाशा चोरला."

मी पेटीतून प्लेगचं पान काढलं, भिंग घेतलं आणि पहिल्या ओळीपासून बघत गेले. छप्परं, कोयते, काड्या. शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि परत वर आले.

"मास्तर, या पानावर खरं काय आहे?"

"ते? काही नाही गं. साथीत मेणबत्त्या किती महागल्या आणि डुकरं कुठे ठेवायची, त्याचा वाद."

"तुम्ही म्हणाला होता, शब्द तोडून लिहिलाय. आहे तिथे."

मास्तरांचा टाक थांबला.

"मला दिसला नव्हता," मी म्हटलं. "मी तसं सांगितलं होतं."

"अगं फिलू, ते फक्त आमिष होतं. मासा धरायचा तर गळाला गांडूळ लावावंच लागतं."

"गांडूळ कोण होतं, मास्तर? मटिल्डा की मी?"

मास्तरांचा हात पेटाऱ्याकडे गेला, चाचपडत एक सुकेळं काढलं आणि माझ्या दिशेने धरलं. मी पान पेटीत ठेवलं, भिंग त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं आणि निघून आले.

त्या आठवड्यात मी तिकडे फिरकले नाही. शाळेत पोरं मला बघून ठणठण करायची. मी घरी येऊन सोनेरी काठाची सगळी चित्रं आयच्या चुलीपाशी ठेवली. संतांची चित्रं जाळतात का, असं म्हणून तिने ती फळीवर पालथी घातली.

आठवड्याच्या मध्येच एक दिवस फादर बाल्तझार आले. या खेपेला बसले नाहीत, ताकही घेतलं नाही. दारातूनच आयला म्हणाले, "ते नावाचं बदलून टाकू या. मी नवी चिठ्ठी करून आणलीय. रोझा. तुमच्याही मनात तेच होतं." कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठीवर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं. प्रत्येक मुलाने अशी चिठ्ठी हातात घेऊन वेदीपुढे जायचं, फादरनी ती मोठ्याने वाचायची आणि बिशपसाहेबांनी त्या नावाने तेल लावायचं, अशी पद्धत.

संध्याकाळी मास्तरांचा निरोप आला, शेजारच्या मुलीबरोबर. "मास्तरांनी सांगितलंय, फिलूला म्हणावं रोझाच घे. ते दुसरं विसरून जा."

आय मात्र काही बोलली नाही. जिला रोझा हवी होती, ती एकटीच गप्प होती.

शनिवारी दिवेलागणीला घंटा झाली. आम्ही उभ्या राहिलो, प्रार्थना म्हटली. मग मी दप्तरातून कागद काढला, फादरच्या चिठ्ठीएवढा कापला आणि पेन्सिलीने लिहायला बसले. पहिलं अक्षर झालं असेल. मागून आयची सावली पडली. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण रोझाची सुरुवात कशी दिसते ते तिने फादरच्या चिठ्ठीवर पाहिलं होतं. माझं अक्षर तसं नव्हतं. मी कागदावर हात ठेवला.

आयने बराच वेळ तो हात बघितला. मग म्हणाली, "पेन्सिलीने नको. पुसतं ते. शाईने लिही."

आणि तिने बाबांची दौत फळीवरून काढून माझ्यापुढे ठेवली.

रविवारी चर्च भरलं होतं. आम्ही मुलं पांढऱ्या कपड्यांत रांगेने उभी. बिशपसाहेब उंच खुर्चीवर, शेजारी फादर बाल्तझार. पहिल्या बाकावर इनास मास्तर, काठीवर दोन्ही हात ठेवून. माझ्या खांद्यावर, पद्धतीप्रमाणे मागे उभ्या असलेल्या माझ्या धर्ममातेचा हात होता. रांग पुढे सरकत होती. अँथनी. मार्था. जोसेफ. मी चिठ्ठी दिली.

फादरनी सवयीने तोंड उघडलं आणि चिठ्ठीकडे बघून थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. बिशपसाहेबांचं तेलाचं बोट हवेत थांबलं होतं.

"नाव?" बिशपसाहेब म्हणाले.

फादरनी घसा साफ केला. "मटिल्डा."

मागच्या बाकांवर कुजबुज उठली. पहिल्या बाकावर काठी फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. बिशपसाहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत, त्या नावाने, माझ्या कपाळावर तेलाचा क्रूस काढला आणि गालावर हलकी चापट मारली. संकटात टिकून राहा, म्हणून ती मारतात.

समारंभ संपल्यावर मुलं खाऊकडे धावली. मी वेदीमागच्या खोलीत गेले. तिथे मोठ्या लाकडी मेजावर चर्चची जाडजूड वही उघडी होती. गावातला प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि मरण जशा वह्यांत लिहितात, तशीच दृढीकरणाची ही. फादर बाल्तझार चिठ्ठ्यांवरून एकेक नाव लॅटिनमध्ये उतरवत होते. मला बघून म्हणाले, "तू इथे काय करतेस?"

"माझं लिहिलेलं बघायचंय."

त्यांनी टाक दौतीत बुडवला. बुडवून बराच वेळ धरून ठेवला. मग लिहिलं. लिहून झाल्यावर ते वहीपासून बाजूला सरकले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

दाराशी काठीची टकटक झाली. मास्तर मेजाच्या कडेला हात लावत माझ्याजवळ आले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, वहीवर धरलं, वाकले, आणखी वाकले. मग भिंग मेजावर ठेवलं.

"काय लिहिलंय?" ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "वाचशील?"

मी अक्षरांखाली बोट धरलं. "एम. ए. टी. आय. एल. डी. ए."

"आय आहे ना? नुसती काडी नाही?"

"आय आहे. वर टिंब आहे."

"छप्पर? डाग?"

"छप्पर नाही. डाग नाही. अंधार नाही."

मास्तर तसेच वाकून उभे राहिले. इतके दिवस अक्षरं संपली की अर्थ ते सांगायचे. आता त्यांचे पांढरट डोळे माझ्या आवाजाकडे वळले होते.

"आणि अर्थ?" त्यांनी हळूच विचारलं.

अर्थ मी सांगितला नाही. बोटाच्या टोकाने शाई वाळल्याची खात्री केली, वही मिटली, आणि अंगणात माझ्यासाठी थांबलेल्या आयकडे गेले.